लूमच्या खटखटीतली मुलाखत

अकरावीला मी अकाउंटऐवजी मीडिया हा विषय घेतला, तेव्हा पप्पांचा पारा चढला. सुरतच्या लिंबायतमधल्या आमच्या गल्लीतल्या मुली अकाउंट शिकतात आणि कापड मार्केटमध्ये एसीत बसून बिलं बनवतात. पप्पांचं सगळं आयुष्य कापड विणायच्या लूमपुढे उभं राहून गेलं, त्यामुळे एसीत बसणं म्हणजे त्यांच्या लेखी मोक्षच. "फिल्लम दखाले शाळा कसाले पाहिजे?" त्यांनी आमच्या अहिराणीत विचारलं. बातमी कशी बनते, जाहिरात आपल्याला कशी गुंडाळते हे शिकवतात, असं मी परोपरीने सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. दिवाळीपर्यंत विषय बदलता येत होता. तोवर बघू, नाहीतर गुमान अकाउंट, असं ठरलं. मी आतून जळफळले, पण मान डोलावली.

दिवाळीच्या सुट्टीआधी एक प्रोजेक्ट होतं. ओळखीच्या माणसाच्या कामावर मुलाखतीसकट छोटी फिल्म करायची आणि ती पालकांना बोलावून दाखवायची. मी पप्पांनाच धरलं. म्हटलं, बघाच काय शिकवतात ते.

मोबाइल आणि पप्पांचा डबा घेऊन मी कारखान्यात गेले. लहानपणापासून डबा पोचवत आल्याने तिथली रीत माझ्या अंगवळणी पडलेली. लूम सुरू असले की शेजारच्याचा आवाजही ऐकू येत नाही, म्हणून सगळे एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात. थट्टा, शिव्या, चहाची ऑर्डर, सगळं ओठांवर चालतं. मी प्रश्न विचारले, पप्पांनी उत्तरं दिली, मला शब्द न् शब्द कळला. मुलाखत झकास झाली म्हणून मी नाचतच घरी आले.

पालकांना दाखवण्याआधी वर्गात मॅडमनी ती लावली आणि नुसती खटखट! पप्पांचे ओठ हलतायत, आवाजाचा पत्ता नाही. वर्ग खो खो हसायला लागला.

"बेटा, पप्पा शुं बोले छे?" मॅडमनी गुजरातीत विचारलं.

लाजेपेक्षा मला रागच जास्त आला. "सुरतला नवे आले तेव्हा घरी झोपल्यावरही त्यांचे कान वाजायचे, असं सांगतायत!" मी हिंदीत फाडकन म्हणाले. हसणं थांबलं. मॅडमनी फिल्म मागे नेली, पुन्हा लावली, आणि मी पुन्हा तेच सांगितलं.

"फिल्ममधला आवाज काढून टाकू नकोस," मॅडम म्हणाल्या. "खटखट राहू दे. बोलणं खाली लिही."

मग मी घरी बसून एकेक वाक्य हिंदीत लिहू लागले. मुलाखत संपल्यावर समोर टेकवलेला मोबाइल बंद करायचा राहिला होता, त्यामुळे पुढचंही त्यात आलं होतं. मी वाकून डबा उघडत होते आणि पलीकडच्या लूमवरचे काका पप्पांना काहीतरी विचारत होते. पप्पांचे ओठ स्वच्छ दिसत होते. "मनी पोर शे. जे शिकनं शे ते शिकाडसू तिले."

मला रडूच आलं. माझ्या तोंडावर अकाउंट, आणि माझ्या पाठीमागे हे! तो तुकडा कापायचा की ठेवायचा, यावर मी फार विचार केला नाही. ठेवला.

फिल्म दाखवायच्या दिवशी पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि शेवटच्या बाकावर अवघडून बसले. या वेळी कुणी हसलं नाही. शेवटी पडद्यावर पप्पा काकांशी बोलू लागले आणि खाली अक्षरं आली, "मेरी बेटी है. जो पढ़ना चाहे, पढ़ाऊँगा." सगळे पालक मागे वळून पप्पांकडे बघायला लागले. पप्पा चोरी पकडली गेल्यासारखे शर्टाचं बटण चाचपत राहिले.

परतताना शेअर रिक्षात आम्ही समोरासमोर बसलो होतो, दोन्ही बाजूंना अनोळखी माणसं. पप्पा बाहेर बघत होते. मला वाटलं, आता घरी गेल्यावर काय ऐकावं लागतंय! पर्वत पाटियाच्या सिग्नलला रिक्षा थांबली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज न काढता, लूमवर बोलतात तसे नुसते ओठ हलवले.

"आते लिखाई गयं. शबद कसा फिरावू?"

मीही नुसत्या ओठांनीच म्हटलं, "फिरवू नका."