आठ आणि आठ चार

नोएडाच्या घरात गिटारचा जुना व्हॉल्व्हचा ॲम्प लावला की तापलेल्या धुळीचा वास सुटतो आणि मी थेट दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या गणपतीच्या मांडवात पोहोचते.

त्या संध्याकाळी मित्राच्या ॲम्पला मी आठ-आठ ओमचे दोन स्पीकर जोडले आणि आठ नि आठ सोळा म्हणून मागचं ओमचं बटण सोळावर फिरवलं. तेवढ्यात मोदक अर्धवट टाकून आई आली. ती शाळेत फिजिक्स शिकवायची आणि माझ्या गिटारला 'टणटण' म्हणायची.

"सोळा कसे होतील? पॅरलल जोडलेत ना? मग चार. दुसऱ्याचा ॲम्प जाळशील!"

आरतीच्या कागदामागे तिने सगळ्यांसमोर गणित मांडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अच्छा, बस झालं," मी फणकारले आणि बटण चारवर आणलं.

कार्यक्रमात ती समोरच्या खुर्च्यांवर दिसली नाही. हिला ऐकायचंच नाहीये, असं मनात धरून मी रागाने वाजवत राहिले. शेवटचं गाणं संपल्यावर मागे वळले, तर ती ॲम्पशेजारी उभी होती. उकड वाळलेला हात ॲम्पवर.

"फार तापला नाही," ती म्हणाली.

थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं. आता वाजवताना अधूनमधून माझा हात ॲम्पवर जातो, तो तेवढ्यासाठीच.