घरातला खटला

“मॅडम, हा तर तुमच्या घरातला खटला. तुम्ही कशा चालवणार?”

भरल्या कोर्टात आरोपीचे वकील मला हे म्हणाले. हसत. मागच्या बाकांवर आरोपी सरपंचाची माणसं बसली होती, तीही हसली.

साक्षीच्या पिंजऱ्यात गयाबाई उभी होती. शेतमजूर बाई. गावच्या निवडणुकीत तिनं सरपंचाविरुद्ध अर्ज भरला, मागं घेतला नाही, म्हणून तिचा हात मोडला असा आरोप. तो हात अजून सरळ होत नव्हता.

गयाबाई माझ्या जातीची. एवढंच आमचं नातं.

मी सत्र न्यायाधीश. पण असलं मी आधीही ऐकलं होतं. वकिली शिकताना सीनियरच्या ऑफिसात माझा कप वेगळा होता. न्यायाधीश झाल्यावर एका सहकाऱ्यानं विचारलं, “राखीव जागेवरून ना?” मी हसले. हसायची सवय लागते.

त्या दिवशीही मी एवढंच म्हणाले, “जेवणाच्या सुट्टीनंतर बघू.” आणि उठले.

चेंबरमध्ये आले तर दादांचा फोन. दादा म्हणजे माझे वडील. वाळूजच्या कंपनीत जन्म गेला त्यांचा. आता मुकुंदवाडीच्या आमच्या घरी असतात.

“दोन जण आलते गं. इचारत होते, साहेबबाई कोण्या रस्त्यानं घरी येतात?”

“तुम्ही काय सांगितलं?”

“काय नाय. बसा म्हनलं, पानी दिलं. पान्याला हात लावला नाय त्यांनी. नुसतं घर बघत बसले. जाताना म्हनले, लेकीला जपा.” मग दादाच म्हणाले, “आज इकडं येऊ नको तू.”

पोलिसांना कळवलं. खटला दुसऱ्या कोर्टात पाठवावा असं वाटलं. सोपं होतं. कोणी नावंही ठेवली नसती.

मग आठवलं. सरपंचाला जामीन देणारे आधीचे न्यायाधीश सरपंचाच्याच जातीचे. त्यांच्या ‘घरा’चा विषय कोणी काढला नाही. मीसुद्धा मनात काढला नव्हता. ते न्यायाधीश. मी तेवढी जात.

सुट्टीनंतर बसले आणि लघुलेखकाला सांगितलं, “वकीलसाहेबांचं मघाचं वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या.”

वकील उठले. “मॅडम, ते सहज बोललो.”

“आधीचे न्यायाधीश सरपंचांच्या जातीचे होते. त्यांनाही सहज विचारलं होतं?”

वकील खाली बसले.

“विश्वास नसेल तर वरच्या कोर्टात लेखी अर्ज करा. तोवर खटला मीच चालवणार. गयाबाई, सांगा.”

गयाबाई सांगू लागली. आता कोणी हसत नव्हतं. सगळे माझ्याकडं बघत होते. मागच्या बाकांवरचा एक जण फोन कानाला लावत बाहेर गेला.

संध्याकाळी कोर्टाच्या गेटवर बिननंबरची मोटारसायकल उभी होती. क्रांती चौकापर्यंत माझ्या गाडीमागं आली. मी मुकुंदवाडीलाच गेले. दादांनी दार उघडलं, मला आत घेतलं, दोन्ही कड्या लावल्या.

गयाबाईची उलटतपासणी बाकी आहे. ती मोटारसायकल अजून दिसते. पुरावा कमी पडला तर सरपंच सुटेल, आणि तो निकालही मीच लिहीन. पण खटला सोडणार नाही. त्यांनी माझा रस्ता विचारायची गरज नाही. कोर्टाच्या वेळेत मी खुर्चीवर असते.