गोधडीच्या अस्तराचा फोटो

रंजना पावरा फोटोग्राफीच्या शिबिरात आली होती, ती फोटो काढायला. पण पहिल्याच दिवशी धीरज सर म्हणाले, “उद्या नाटी नेसून ये ना. आपला विषयच कापड आहे.”

तळोद्याच्या वर, डोंगरातल्या घरी आईने पेटीतून आपली नाटी काढून दिली. पावरा आदिवासी बायकांचा, भरपूर घेराचा, लाल-काळ्या छापाचा घागरा. देताना विचारलं, “फोटो काढायला चाललीस की काढून घ्यायला?”

त्या दिवसापासून रंजना सगळ्यांच्या फोटोंत होती. विहिरीपाशी, बैलगाडीपाशी, केळीच्या बागेत. दोघांत एक कॅमेरा होता आणि तिच्या जोडीचा कॅमेरा कायम जोडीदार प्रतिभाच्या हातात असायचा, कारण रंजनाला समोर उभं राहावं लागे. “मान जरा डावीकडे,” कोणीतरी सांगे. ती हलली की शिबिरातला करणसिंग ओरडे, “अगं, झाड हललं!” सगळे हसत. तीही हसे. नाटीचा घेर इतका जड की चटकन उठून बाजूलाही होता येत नसे.

शेवटच्या दिवशी सगळे प्रतिभाच्या गावी, तापीकाठी आले. संध्याकाळी अंगणात प्रत्येकाने स्वतः काढलेला एक फोटो दाखवायचा होता. जो स्वतःचा फोटो दाखवेल, त्याला दिवाळीपर्यंत कॅमेरा घरी न्यायला मिळणार होता. रंजनाकडे एकही फोटो नव्हता.

दुपारी ती ओसरीवर टेकली. प्रतिभाची मोठी आई, म्हणजे थोरली काकू मंगलाबाई, शेजारी येऊन बसली आणि न विचारता नाटीचा काठ बोटांत धरून चोळू लागली.

“हाई तं खापर गावनं कापड शे,” ती म्हणाली. “तठला बाजारमां पिंपळखाले एक म्हातारा बसे, त्यानाकडलं.”

“आई तिथूनच घ्यायची, मावशी. तुम्हाला कसं माहीत?”

मंगलाबाई आत गेली आणि एक जुनी गोधडी घेऊन आली. वरून सुती लुगड्यांचे तुकडे होते. तिने एका कोपऱ्याची शिवण दातांनी तोडली, दोन बोटं आत घालून ती फाकवली. आत तोच लाल-काळा छाप होता, विटलेला.

“मन्हा घागरा,” ती म्हणाली आणि पदर तोंडाशी नेऊन हसली. “नवी नवरी व्हतू तवय घालू. मंग आम्हना घरमां साड्या उन्यात. टाकानं जीव व्हयेना, म्हणीसन आतमां शिवी टाका.”

कॅमेरा ओसरीवरच पडला होता. रंजनाने तो उचलला. उसवलेली शिवण, बाईची बोटं, त्यांच्या मागे हसू. तिने एकदाच बटण दाबलं. मंगलाबाई गोधडी आत ठेवायला गेली.

“काय काढलं?” प्रतिभाचे वडील गोपालभाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, “बेटा, तू वाईट वाटून घेऊ नको. पण हा नंदुरबारला शिबिराच्या प्रदर्शनात भिंतीवर लागला, की लोक म्हणतील आमच्या बायका नाटीचं कापड नेसायच्या.”

“नेसायच्याच ना,” रंजना म्हणाली.

“तेच तर.”

त्यांच्या मागून आलेल्या धीरज सरांनी खाली पाहिलं. “आपण पाहुणे आहोत, रंजना. बघ तू.”

प्रतिभा तिला पडवीत घेऊन गेली. “काढून टाक ना, रंजू. नाहीतर पप्पा मला पुन्हा कुठेच पाठवणार नाहीत. कॉलेजलासुद्धा वाद घालून येते मी.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. रंजनाला राग यायला हवा होता, पण तोही धड येईना. तिने फोटो पुसला आणि कॅमेरा प्रतिभाच्या हातात दिला.

अंगणात लॅपटॉप लागला. प्रतिभाचा फोटो आला: केळीच्या बागेत नाटी नेसलेली रंजना. सगळ्यांत जोरात टाळ्या त्यालाच पडल्या. गोपालभाईंनीही वाजवल्या.

“रंजना, तुझा?”

“नाही, सर.”

सरांनी पुढचं नाव घेतलं. मागे बायकांत बसलेली मंगलाबाई अर्धवट उठली. डोक्यावरचा पदर नीट केलेला, बहुधा मुद्दाम. “ओ बेटी, मन्हा फोटू?”

सगळ्या माना वळल्या. गोपालभाई रंजनाकडे पाहत होते, प्रतिभा जमिनीकडे.

“नीट आला नाही, मावशी.”

मंगलाबाईने आपल्या बोटांकडे पाहिलं. “मन्हाच हात हालना व्हई,” ती म्हणाली आणि खाली बसली.