गार होईपर्यंत फिरवलेली भट्टी

अर्धी वाट सरली तेव्हा दादानं पुलापलीकडे बोट दाखवलं. "बघ, तुझ्या वहिनीची सवत तिकडे नांदायला गेली."

धाकटी बहीण त्याला नव्या कामावर पोचवायला निघाली होती. नदीपल्याड, शेजारच्या देशात, तीच लांबलचक लोखंडी भट्टी आडवी पडलेली. सिमेंटसाठी दगड भाजणारी, सतत फिरणारी. दादाचा जन्म तिच्यापुढे गेला. भुवया जळाल्या, कान गेल्यात जमा. वहिनी तिला सवत म्हणायची ते काही उगाच नाही.

मग दोन्ही सरकारांचा करार झाला. दोघांनी मिळून कारखान्यांचा धूर कमी करायचा. इकडची जुनी भट्टी बंद, तिकडे कमी धुराची नवी, आणि माल वाटून घ्यायचा. दादाला मनापासून पटलं. "तुझ्या पोरीच्या छातीतली घरघर तरी थांबेल," म्हणत त्यानं स्वतःच्या हातानं आग विझवली.

पण तापलेली भट्टी फिरायची थांबली, की आपल्याच वजनानं मधोमध वाकते. मग ती भंगारच. दादाला ते बघवेना. पार गार होईपर्यंत तो तिला हळूहळू फिरवत बसला, आजाऱ्याला कुशीवर वळवावं तसा. भट्टी सरळच्या सरळ राहिली.

म्हणूनच विकली गेली. तिकडची नवी रखडली, तोवर त्यांना हीच चालवायची होती. इकडे धूर घटल्याचे फलक झळकले. वाऱ्याला कुठला करार? तो नदीवरून इकडेच येतो. आणि हिच्या खोडी माहीत असलेला माणूस हवा, म्हणून बोलावणं दादालाच.

"जायलाच हवं का रे?"

"मग खाऊ काय, फलक?"

"वाकू द्यायची होतीस मेलीला!" बोलून तिनं जीभ चावली.

"अगं, मेलीच समजलो होतो. मेल्या माणसाचे हातपाय आपण सरळ करतोच ना? मढंसुद्धा विकतात, हे कुठं ठाऊक होतं!"

पुलावरच्या फाटकाशी दोघं थांबली. त्याच्या हाताला यश दे, एवढंच ती मनात म्हणत होती. मग पोरीचा खोकला आठवला आणि पुढचं काही सुचेना.

दादानं तिचे हलणारे ओठ पाहिले. "माझ्यासाठीच मागतेस ना? मग नीट माग. आग मी मनापासूनच लावणार, खोटं काम माझ्यानं व्हायचं नाही. ती पेटू नये, एवढं तुझ्या देवाला सांग."