नियमाला माणसाचं नाव

बोंडेभैया खुर्चीवर बसलेले मी कधी पाहिले नाहीत. रायपूरच्या समता कॉलोनीतल्या आमच्या ऑफिसात ते उभ्यानंच कोड लिहीत आणि विचार सुचला की येरझारा घालत. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरला भूल द्यावीच लागत नसे. छत कोसळणार या धास्तीनं पेशंट दाढ विसरत.

वेबसाइटवरच्या फॉर्मनं कोणती माहिती घ्यायची, कोणती परत पाठवायची, याचे नियम आम्ही लिहायचो. कोडमध्ये प्रत्येक नियमाला नाव द्यावं लागतं. भैया, ज्याचं अडलं त्याचंच नाव देत. घरनंबर नसलेला पत्ता चालवून घेणारा नियम ‘पुरानी बस्तीचे पुजारी’. आडनावावाचून अर्ज घेणारा ‘सहोद्राबाई’. गुढियारीच्या या बाईचं नाव तेवढंच; त्यापायी नर्सिंग-मदतनीस कोर्सचा तिचा अर्ज गेल्या वर्षी परत आला होता.

“काम वाचून लोकं नियम पुसतात बे,” भैया म्हणत. “माणूस दिसला का हात थांबते.”

मग नेहा टीमची प्रमुख झाली. रायपूरचीच, मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीत. “भैया, ये कोड है कि मोहल्ले की बारात? नाम से काम समझ में आना चाहिए.”

भैयांनी फणफणत नावं बदलली. ‘सहोद्राबाई’चं ‘आडनाव ऐच्छिक’ झालं. पुढं कोडची साफसफाई करताना नेहानं ते वाचलं. आडनाव कुठं ऐच्छिक असतं? कुणाची तरी चूक समजून तिनं नियमच उडवला.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी सहोद्राबाईचा फोन आला. “भैया, फारम नइ लेवत हे.”

भैयांनी फोन नेहाच्या हातात कोंबला. “आडनाव काय टाकाचं, तूच सांग तिले.”

“दीदी, पति का सरनेम डाल दीजिए ना.”

“ओला छोड़ देंव, त ओकर नाव घलो छोड़ देंव.” नवऱ्यासोबत त्याचं नावही सोडलं होतं बाईनं.

नेहा नियम परत लिहायला बसली. भैयांच्या येरझारांनी एवढा वारा सुटला की कुणीतरी कूलर बंद केला. ऑफिसची वेळ संपता संपता फोनवर सहोद्राबाईचा आवाज आला, “हव भैया, होगे.” अर्ज गेला होता.

“नाव काय देऊ नियमाला?” नेहानं पहिल्यांदाच मराठीत विचारलं.

“तुहं दे. कोणी पुसाले आलं तं तुलेच विचारन.”

भैया पुढं नागपूरला गेले. परवा नवी आलेली पोट्टी म्हणाली, “दीदी, ये ‘नेहा’ वाला रूल हटा दूँ?”

“बस इथं,” नेहा म्हणाली. “आधी सहोद्राबाईले फोन लावते.”