चर्चमधल्या तालमी

बायकोच्या थायरॉईडच्या गाठीचं ऑपरेशन दिवाळीच्या आधी नागपूरला झालं. गाठ साधी निघाली, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. पण शुद्धीवर आल्यावर तिनं पाणी मागितलं तेव्हा नुसते ओठ हलले. आवाज नाही, हवा आली. डॉक्टर म्हणाले, "आवाजाच्या नसेला सूज आहे. बहुतेक भरून येईल, धीर धरा." त्या 'बहुतेक'नं आमचं घर गप्प करून टाकलं.

ती गाणं शिकवते. चंद्रपुरातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत रोज संध्याकाळी मुलींचा वर्ग भरायचा, पौर्णिमेला विहारात वंदना तीच सांगायची. सकाळी मी पोंभुर्ण्याच्या बससाठी दाढी करत असायचो तेव्हा आत तिचा भैरव चालू असायचा. मी तिथल्या शाळेत गणित शिकवतो, सुरातलं मला फारसं कळत नाही. तरी तिचा षड्ज लागला की आता दिवस नीट जाणार असं वाटायचं. ऑपरेशननंतर वर्ग बंद झाला, तानपुऱ्यावर गवसणी चढली. ती कुजबुजून बोलायची, तेही कामापुरतं. मी रेडिओ लावणं सोडलं, कारण कुठलंही गाणं लागलं की ती उठून मोरीत भांडी घासायला जायची.

डिसेंबर लागला आणि आमच्या गल्लीतल्या सिस्टरबाई आल्या. मूळच्या तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्याकडच्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांच्या चर्चमध्ये पेटी वाजवणारे गृहस्थ मुलाकडे हैदराबादला गेले होते आणि नाताळ तोंडावर आला होता.

"बाई, पेटीवर तुमीच बसा," त्या म्हणाल्या.

बायकोनं गळ्याकडे बोट दाखवलं. "मले गाता येत नाई," ती कुजबुजली.

"गा म्हनून कोन म्हनते? बोटं तर शाबूत हायेत ना?"

मला वाटलं, ही नाहीच म्हणणार. तिनं गळ्याभोवतीचा रुमाल सारखा केला आणि विचारलं, "कवापासून?"

त्याच संध्याकाळी मी तिला सोडायला गेलो आणि बाहेर थंडी म्हणून मागच्या बाकावर बसलो. मग रोजच बसू लागलो. गाणारे सगळे कामावरून परस्पर आलेले असत, कुणी कोळसा खाणीतून, कुणी शाळेतून. आधी एक जुनं मराठी भजन झालं, तबला आणि झांजांवर. येशूच्या जन्माचं होतं, पण चाल चक्क देस रागातली, असं बायकोनं मला नंतर सांगितलं. बायकोची बोटं आपोआप वळणं घेऊ लागली. मग सिरोंच्याकडच्या बायकांनी तेलुगू गीत घेतलं. त्यातला एक शब्द मला कळला नाही, पण ते इतकं मोकळं आणि प्रसन्न होतं की मी पायानं ताल धरला. गीत संपताच बायको माझ्या बाकाशी येऊन कुजबुजली, "हा तर आपला भूप हाय!"

शेवटी चार आवाजांतलं गाणं सुरू झालं. बायका वरच्या सुरात, पुरुष खालच्या, मध्ये आणखी दोन रांगा, सगळ्यांचं वेगवेगळं. पण ते एकत्र आलं की छपराखालची सगळी हवा भरून जायची. घरी जाताना ऑटोत ती म्हणाली, "सारे येगयेगळं गाऊन राह्यले, तरी कोनी कोनाच्या आडवं येत नाई. कसं करत असन हो?" ऑटोच्या आवाजात तिची कुजबुज ऐकायला मला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागत होता. घर येईपर्यंत ती बोलत होती. इतकं ती कित्येक दिवसांत बोलली नव्हती.

नाताळच्या आठवड्यातली गोष्ट. चार आवाजांच्या गाण्यात एका जागी बायकांचा सूर सारखा उतरत होता. गाणं बसवणारे म्हातारे सर सर्दीनं बेजार, त्यांना दाखवता येईना. बायको पेटीवर ती पट्टी पुन्हा पुन्हा दाबत होती, बायका पुन्हा पुन्हा घसरत होत्या. शेवटी तिनं भाता थांबवला, डावा हात वर केला आणि तोंडानं सूर दिला.

आवाज घोगरा होता, बारीक होता, पण सूर जागेवर होता.

बायकांनी तो उचलला आणि गाणं पुढे गेलं. कुणालाच काही विशेष वाटलं नाही. त्या संध्याकाळी सिस्टरबाई नव्हत्या, आणि बाकी तिथं तिला गाताना आधी ऐकलं होतं कुणी? मी मात्र पुढच्या बाकाची पाठ घट्ट धरून बसलो. तीही वाजवत राहिली, फक्त पुढची ओळ तिनं साफ चुकवली.

ऑटोत बसल्यावर तिनं विचारलं, "ऐकलं?"

"ऐकलं."

"खरंच आला ना? मले भास तर नाई झाला?"

"साऱ्या बायकाईनं उचलला. भास कसा असन?"

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. ऑटोवाल्यानं आरशातून बघितलं. "काय झालं भाऊ? बाईले बरं नाई का?"

"बरं हाय," मी म्हणालो, "लय बरं हाय."

नाताळच्या सकाळी चर्च खच्चून भरलं होतं. देसमधलं भजन आलं तेव्हा ती पेटी वाजवता वाजवता पुरुषांच्या खालच्या स्वरात मिसळून गात होती. नंतर सिस्टरबाईंकडे केक आणि करंज्या झाल्या. मी इतक्या खाल्ल्या की त्यांनी डबा भरून दिला.

जानेवारीत नागपूरच्या डॉक्टरांनी गळ्यात नळी घालून बघितलं. नस भरून येतेय, स्वरतंतू हलतो आहे, म्हणाले, पण वरचे सूर घाईनं ओढू नका. म्हणून आता वर्ग सुरू झालाय तो खालच्या पट्टीत. मुली कुरकुरतात, त्यांना तिथं जड जातं. ती त्यांना म्हणते, "काऊन, खालचा सूर सूर नसते का?" आणि मी दाढी करता करता ऐकत राहतो, कधीकधी बस चुकेपर्यंत.