सुदाम काकांचं न झालेलं भाषण

मला आयुष्यात एकदाच शून्य मार्क मिळाले. ज्यांच्यामुळे मिळाले, ते सुदाम काका काल सकाळी विनिपेगमध्ये गेले.

वय एक्क्याऐंशी. ब्याऐंशी नाही. ग्रुपवर चुकीचं फिरतंय, कृपया दुरुस्त करा.

त्या शून्याची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी इथल्या कम्युनिटी कॉलेजात जर्नालिझमला ॲडमिशन घेतली. वर्गात बाकी सगळे एकोणीस-वीसचे. दिवसा कॉलेज, संध्याकाळी वेअरहाऊसची शिफ्ट.

बारावीनंतर जे शिकलो ते माझं मी शिकलो. इंग्रजी, फोटो, पेज लेआउट, सगळं. आपल्या मंडळाचं वार्तापत्र नऊ वर्षं एकट्याने काढलं. एकही अंक उशिरा निघाला नाही.

तरी कुठल्याही पेपरात अप्लाय केलं की एकच प्रश्न. डिग्री?

म्हणून बेत साधा होता. दोन वर्षं कॉलेज, मग ट्रान्सफर घेऊन युनिव्हर्सिटीत थेट तिसऱ्या वर्षाला. अट एकच : रिपोर्टिंगमध्ये किमान बी ग्रेड.

रिपोर्टिंग शिकवायची शॅरन. तीस वर्षं पेपरात घासलेली बाई. बातमीत ज्याचं नाव येईल त्याचा फोन नंबर खाली लिहायचा, हा तिचा नियम. त्यातल्या कुणालाही ती फोन करायची.

एप्रिलमध्ये मंडळाची भीमजयंती होती. मी तीच बातमी केली.

बुद्धवंदना, मुलांचे डान्स, पाहुण्यांच्या भाषणाचा पहिला अर्धा तास, सगळं समोर बसून टिपलं. मग जेवण गरम करायला खाली बेसमेंटमध्ये गेलो. राहिलं होतं फक्त सुदाम काकांचं अध्यक्षीय भाषण.

ते मला ऐकायची गरजच काय? नऊ वर्षं तेच भाषण. कुठे थांबून पाणी पिणार, तेसुद्धा पाठ.

लोक जेवायला खाली आले. मला वाटलं, झालं भाषण.

मी कार्यक्रमपत्रिका समोर ठेवली आणि काकांचं नेहमीचं वाक्य अवतरणात टाकलं : “नोकरी लागली म्हणजे शिक्षण संपलं, असं समजू नका.”

मंडळाचे वृत्तांत आपण असेच लिहीत आलोय. पत्रिकेत छापलंय म्हणजे झालंय.

शॅरनने काकांना फोन लावला. वाक्य वाचून दाखवलं.

काका म्हणाले, “वाक्य माझंच आहे. पण त्या दिवशी मी भाषण केलंच नाही.”

पाहुणे इतके लांबले होते की पोरं भुकेने रडायला लागली होती. काकांनी माईक घेतला, “चला, आधी जेवून घ्या” म्हणाले, आणि संपलं.

मला शून्य.

मी तडक त्यांच्या घरी. ते ड्राइव्हवेवरचा एप्रिलातला बर्फ शोव्हलने काढत होते.

“काका, नुसतं हो म्हणायला काय जात होतं तुमचं?”

“बोललोच नाही, तर हो काहून म्हणू?”

“दरवर्षी तेच तर बोलता!”

“यंदा काय बोलणार होतो, ते तुला कुठं माहीत?”

“माझी युनिव्हर्सिटी गेली, काका. तुमच्यामुळे.”

त्यांनी शोव्हल बर्फात रोवलं. या माणसाने एकतीस वर्षं सरकारी लॅबमध्ये शहराचं पिण्याचं पाणी तपासलं होतं.

“राजू, काल पाणी चांगलं होतं म्हणून आज न तपासता सही करायची का?”

मी गाडीत बसून निघून आलो. तीन आठवडे त्यांच्याशी बोललो नाही. मंडळाच्या हॉलमध्ये समोर आले तर मी पार्किंगच्या दाराने बाहेर.

शेवटची असाइनमेंट उरली होती. बी ग्रेडसाठी तीत शंभरपैकी ब्याण्णव हवे होते. विषय आपला आपण निवडायचा.

मी विषय निवडला : न झालेलं भाषण.

अकरा जणांशी बोललो. कोण किती वाजता जेवायला उठलं, कुणाचं पोर आधी रडलं, पाहुणे नेमके किती मिनिटं बोलले. सत्तावन्न. तीन व्हिडिओ जुळवून काढलेला आकडा आहे.

मग काकांना फोन केला.

“मुलाखत हवी होती.”

“कोण बोलतंय?”

“मी राजू.”

“पूर्ण नाव सांगा, पत्रकार.”

घरी गेलो तर त्यांनी चार टाइप केलेली पानं पुढे ठेवली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच काकांनी नवं भाषण लिहिलं होतं. माझं अवतरणातलं वाक्य त्यात कुठेच नव्हतं.

दुसरं पान पूर्ण माझ्यावर. दिवसा फॅक्टरीत राबून संध्याकाळी कॉलेजात जाणारा आपला राजू, वगैरे.

मी पेन काढलं. फॅक्टरीचं वेअरहाऊस केलं, दिवसा-संध्याकाळची अदलाबदल केली. मग मला पुढचं वाचता येईना.

काकू चहा ठेवून गेल्या.

बातमीत ते पान मी घेतलं नाही. भाषण झालं नव्हतं.

शॅरनने पुन्हा काकांना फोन केला. ते म्हणाले, “सगळं बरोबर आहे. फक्त पाहुण्यांबद्दल फार सभ्य लिहिलंय.”

चौऱ्याण्णव मिळाले. युनिव्हर्सिटी मिळाली. आज एका पेपरात रिपोर्टर आहे, आणि चांगला आहे.

काल दुपारी त्यांच्या मुलीचा, प्रज्ञाचा फोन आला. “दादा, पप्पांची बातमी तुम्हीच लिहा. सगळे विचारतायत, शेवटी काय म्हणाले. ग्रुपवर कुणीतरी एक छानसं वाक्य टाकलंय पण.”

मी विचारलं, “तू तिथे होतीस. काय म्हणाले?”

“काहीच नाही, दादा. दोन दिवस झोपेतच होते. आय वॉज जस्ट होल्डिंग हिज हँड.”

बातमीत तेवढंच लिहिलंय. दोन दिवस झोपेत होते, मुलीने हात धरला होता.

छापायला देण्याआधी तिला फोनवर दोनदा वाचून दाखवलं.

जय भीम, काका. तुमच्या राजूची मनापासून आदरांजली.